आजाऱ्यांच्या यादीतून माझं नाव

“मॅडम, तुमचा कान एकदम चांगला दिसतोय,” डॉक्टर म्हणाल्या. सुटले एकदाची, म्हणून मी पर्स उचलली. “बसा. अडचण तीच आहे. मळ असता तर काढून दिला असता. हे आतलं आहे.”

त्यांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं: सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे बाहेरून कान धडधाकट, पण आवाज मेंदूकडे पोचवणारी आतली यंत्रणा अचानक बंद. कारण बऱ्याचदा सापडतच नाही.

माझा डावा कान सहा दिवस बंद होता आणि ते मी अंगावर काढलं होतं. कसं, तेही सांगते, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. गुरुवारी सकाळी फोन डाव्या कानाला लावला, तर आवाज नाही. मी फोन दुरुस्तीला नेला. हडपसरच्या दुकानदाराने तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला, म्हणाला ठीक आहे. मी त्याच्याशी दहा मिनिटं हुज्जत घातली. मग आईने लसणाचं कोमट तेल घातलं. मग वाफ. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी भरते. आणि स्वतःच्या कानाला तेल! कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरली तर नस जागी होईल, अशी आशा. झोप उडाली, भूक वाढली, तोंड सुजलं. कानात सतत कुकरची शिट्टी. तिला टिनिटस म्हणतात, बाहेर काही वाजत नसताना ऐकू येणारा आवाज.

मग एमआरआय. नसेवर गाठ नाही ना, एवढंच पाहायचं होतं. रिपोर्टला दोन दिवस लागले. गाठ नव्हती. कान मात्र होता तसाच.

त्या रविवारी चर्चमध्ये मला धक्का बसला. आमचे सेक्रेटरी साळवेकाका आजाऱ्यांची यादी वाचतात आणि मंडळी त्या नावांसाठी प्रार्थना करते. तिसरं नाव माझं होतं. आईने मला न विचारता दिलं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. माझं नाव आजवर फक्त उपकारस्तुतीत वाचलं गेलं होतं. उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेल्या भल्याबद्दल सर्वांसमोर मानलेले आभार. बी.कॉम. झाले तेव्हा, खराडीत कॉल सेंटरला लागले तेव्हा, फ्लॅटची चावी मिळाली तेव्हा. शिवाय अकरा वर्षं मी संडेस्कूल घेते. भरलेल्या ताटात आणि रिकाम्या ताटात सारखंच समाधानी कसं राहायचं, हे मुलांना दरवर्षी शिकवते. छान शिकवते. तेव्हा मला दोन्ही कान होते.

गोळ्यांनी भागेना म्हणून इंजेक्शनं ठरली. इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून औषध थेट आत सोडायचं. मग अर्धा तास तो कान वर करून पडून राहायचं. “बोलायचं नाही, गिळायचंही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. आठवड्याला एक, अशी चार.

बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस मनात बोलतो. पहिल्या दोन वेळी मी देवाशी वाद घातला. अकरा वर्षं तुझी मुलं सांभाळली, एवढं तर कर. तिसऱ्या वेळी पडल्या पडल्या वेगळंच सुचलं. ग्रॅज्युएट झाले तेव्हा मी समाधानी होते का? नव्हते, नोकरी हवी होती. नोकरी लागली, फ्लॅट हवा होता. बाकापाशी उभी राहून आभार मानत होते आणि डोक्यात पुढचं चालू होतं. माझं समाधान नेहमी पुढच्या स्टॉपवर उतरायचं. आता त्या स्टॉपचं नाव कान होतं, इतकंच. चांगल्या दिवसांत जे मला जमलं नव्हतं, ते वाईट दिवसांत येत नाही म्हणून मी देवाला जाब विचारत होते. हसू आलं. हलायचं नाही म्हणून दाबलं.

चौथ्या इंजेक्शननंतर पुन्हा ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी पटापट दाबत होते. डाव्याला नुसतीच बसले. डॉक्टरांनी आलेख माझ्याकडे वळवला. “मी खोटी आशा देणार नाही. हा कान आता असाच राहील, असं धरून चाला. उजवा जपा.”

धरून चालू लागले. ऑफिसात भिंत डावीकडे येईल अशी जागा मागून घेतली. हेडसेट तसाही एका कानाचा, कामाचं काही अडलं नाही. आवाज कुठून येतो ते मात्र कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना दोनदा मान फिरवते. मंडईत एका मावशींनी हाक मारली आणि मी भलतीकडे पाहत राहिले. “अवो ताई, मेथी इकडं हाय. तिकडं खांबाला काय भाव इचारता?” सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येईपर्यंत हसतच होते. तेव्हा जाणवलं की मी बरी आहे.

रविवारी साळवेकाकांना गाठलं. आमच्यात नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात, तो केला आणि म्हटलं, यादीतून माझं नाव काढा.

“बरी झालीस?”

“नाही.”

“यादीतून नाव दोनच कारणांनी निघतं, रूथ. दुसरं कारण तुला लागू दिसत नाही.”

“उपकारस्तुतीत घाला.”

“कशाबद्दल?” त्यांनी पेन उघडलं.

खरी अडचण त्यांची नव्हती, आईची होती. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, “नाव काढलंस तर देवाला वाटेल, आपल्याला नकोय.”

यावर हसण्यासारखं काही नव्हतं. आई शाळेत गेलेली नाही. मी कॉलेजला जावं म्हणून तिने दहा वर्षं देवाकडे एकच मागणं लावून धरलं होतं, आणि ते मिळालं होतं. तिच्या दृष्टीने मागणं थांबवणं म्हणजे पाठ फिरवणं.

मी म्हटलं, “आई, तू मागत राहा. तुला कोण अडवतंय? पण कान आला की मग मी सुखी होईन, असं मी देवाला लिहून दिल्यासारखं झालंय. तो कागद मला परत घ्यायचाय. मी आत्ताच बरी आहे.”

काकांच्या हातातून पेन घेऊन मी स्वतःच चिठ्ठी लिहिली: डावा कान गेला. त्या दिवसांत देव सोबत होता. रूथ समाधानी आहे, म्हणून उपकारस्तुती.

काकांनी वाचली. “असं कुणी लिहीत नाही.” मग घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी त्यांनी ती एक शब्दही न बदलता वाचली. उपकारस्तुतीला घरच्यांनी उभं राहायचं असतं. मी उभी राहिले. आई उठेल याची खात्री नव्हती. ती सावकाश उठली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. ती आभार मानत होती की अजून माझा कानच मागत होती, मला ऐकू आलं नाही.

तिचे ओठ थांबले, तेव्हा मी मोठ्याने आमेन म्हटलं.