पाठमोरा खुनी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ कसला, पुढे काउंटर, मागे निळा पडदा, एक गोल स्टूल आणि भिंतीवर आरसा. आरशाला कंगवा दोरीने बांधलेला, कारण लोक पासपोर्टचा फोटो काढायला येतात आणि कंगवा घेऊन जातात. आमच्या भागातले निम्मे चेहरे भाऊजींच्या हाताखालून गेलेत. "हनुवटी जरा खाली... हं. हलू नका. झालं." एवढंच त्यांचं बोलणं. घरीही याहून फार बोलत नाहीत, असं ताई म्हणते.

नात्यातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम त्यांनीच काढलेले, त्यामुळे एकाही अल्बमात ते नाहीत. माझ्या लग्नाच्या अल्बमात सासऱ्यांचा ड्रायव्हर जेवताना, हात धुताना आणि पुन्हा जेवताना दिसतो. भाऊजी कुठेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोला दुसरा माणूस होता, तर त्याचं रीळ उजेड लागून वाया गेलं. "तुमचं लग्न झालं याला पुरावा काय?" असं माझा नवरा त्यांना चिडवायचा. भाऊजी हसायचे. पण त्या हसण्यात काहीतरी बोचत असणार, हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस दाढीवाला एक मुलगा फोटो काढायला आला. स्टुलावर बसला आणि कॅमेऱ्याऐवजी भाऊजींकडेच टक लावून बघत राहिला. म्हणाला, "काका, मी सिनेमा करतोय. मानसशास्त्रीय थरारपट. त्यात एक माणूस एकामागून एक खून करत सुटतो. तो तुम्ही."

"मी?"

"तुमच्यावर कुणाला संशयच येणार नाही. तुमचा चेहरा ना, बघितला की लगेच विसरायला होतो."

दुसरा कुणी असता तर त्याने मुलाला दुकानातून हाकललं असतं. भाऊजी आनंदाने घरी आले.

"तुम्ही खून करणार?" ताई म्हणाली. "परवा झुरळ निघालं तेव्हा कॉटवर कोण चढलं होतं?"

"अगं, अभिनय असतो तो."

"मग झुरळाच्या वेळी करायचा होता!"

सिनेमा स्वतंत्र होता. स्वतंत्र म्हणजे काय, ते मी पुढे समजून घेतलं: सगळ्यांचा डबा खुन्याच्या बायकोने करायचा. मरणाऱ्या बायका चार, पण मुलगी एकच, केसांचे टोप वेगवेगळे. शूटिंग स्टुडिओतच झालं, त्यामुळे त्या दिवसांत पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्यांना प्रेत उठून चहा पिईपर्यंत थांबावं लागे.

पहिल्याच खुनाच्या वेळी भाऊजी दोरी घेऊन त्या मुलीच्या मागे उभे राहिले आणि सवयीने बोलून गेले, "हनुवटी जरा वर... हं. हलू नका."

दिग्दर्शक उडालाच. "काका, हेच! हेच ठेवायचं!"

मग काय विचारता. भाऊजी आरशासमोर उभे राहू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरी सरळ केल्या, आता स्वतःची करू लागले. पहिल्या खेळाला त्यांनी सगळ्या नातलगांना बोलावलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. "पडद्यावर आहे मी," असं म्हणायचे आणि मग लाजायचे. ताई मला म्हणाली, "मला भीती वाटते गं. फार जीव लावलाय ह्यांनी." त्या सकाळी मी देवापुढे हात जोडले. खुनाच्या सिनेमासाठी देवाकडे काय मागावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, देवा, या माणसाचा चेहरा एकदा दिसू दे.

सिनेमा सुरू झाला. आधी एक नळ ठिबकत होता. बराच वेळ ठिबकला. हे लोक प्लंबरला का बोलवत नाहीत, असं मला वाटलं. मग एक दार दिसलं. मग बूट. मग गुप्तहेर आला, तो खुद्द दिग्दर्शकच! त्याचा चेहरा एवढा मोठा, एवढा वेळ, की दाढीतला केस न् केस मोजून व्हावा.

मागच्या रांगेतून माझा नवरा वाकला. "भाऊजी, तुम्ही कधी येणार?"

"येईन आता," भाऊजी कुजबुजले. "गोष्ट जरा तापू दे."

खुनी आला तो पाठमोरा. पडद्यावर त्याची पाठ, मुलीची मान, दोरी. आवाज घुमला, "हनुवटी जरा वर... हं." पण आवाजही भाऊजींचा नव्हता, कुणा जाड्या घशाच्या माणसाचा होता. पुढे खुनी आरशासमोर आला, तर आरशावर वाफ. खिडकीत आला, तर पडदा. नातेवाईक माना उंचावून शोधत होते. कुणीतरी म्हणालं, "यांचं काम कापलं वाटतं." भाऊजींनी खास या दिवसासाठी घातलेल्या कोटाची गुंडी हळूच काढली. ते हात मी पाहिले आणि देवाचा मला रागच आला.

एवढ्यात ताईने माझा दंड धरला आणि भर खुनात ओरडली, "अगं, हेच ते! हे आलेत!"

"शू!" पुढच्या रांगेतून दिग्दर्शक म्हणाला.

"शू काय? उजवा खांदा बघा खाली कसा उतरलाय! कॅमेऱ्याची पिशवी उचलून उचलून झालाय तो. लग्न झाल्यापासून हीच पाठ बघत चालतेय मी. बाजारात ही पाठ, दवाखान्यात जाताना ही पाठ. अंधारात ओळखेन! आमचेच आहेत!"

सगळं थिएटर हसलं. चौथी बाई बिचारी हशातच मेली. पण त्यानंतर खुनी आला की लोक खांदा बघायचे आणि एकमेकांना दाखवायचे.

बाहेर दिग्दर्शकाने समजावलं, "काका, चेहरा मुद्दाम दाखवला नाही. खुनी म्हणजे आपण सगळेच आहोत."

"सगळेच आहोत तर डबे एकटीनेच का केले मी?" ताई म्हणाली.

घरी निघालो. नेहमीप्रमाणे भाऊजी पुढे, आम्ही बहिणी मागे. कोपऱ्यावर ते थांबले आणि मागे वळले.

"खांदा खरंच एवढा खाली आहे?"

"आहे की."

"कधी बोलली नाहीस."

"वळलात कधी?"

पुढचा रस्ता ते ताईच्या बरोबरीने चालले. सवय नसल्यामुळे दोघं सारखे एकमेकांवर आपटत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, तर भाऊजी स्टुलावर बसलेले आणि कॅमेऱ्यामागे ताई. "हनुवटी खाली. अहो, खाली म्हटलं ना! हलू नका." हलली तीच. फोटोत एक कान बाहेर राहिला, आणि भाऊजी हसायला लागताहेत की शिंकायला, तेही कळत नाही. गिऱ्हाइकाचा असा फोटो त्यांनी हातात दिला नसता, फाडून दुसरा काढला असता.

तो आता दुकानाच्या काचेत आहे, नव्या नवरीमुलींच्या फोटोंच्या मधोमध. येणारे विचारतात, "हे कोण?"

"मीच," भाऊजी म्हणतात. "हिने काढलाय." आणि खात्री पटावी म्हणून जरा पाठ करून उभे राहतात.