मारुती झालेली पणजी

संतराम गडदे यांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या बायकोचं, मनकर्णाबाईचं मत होतं. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, फक्त ते कायम हाताशी असायचं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाजवळ कारणांचा साठा कमी नसतो.

१९९६ साली ते निवृत्त झाले आणि पुसेगावच्या अलीकडं हिवरखोरी या आपल्या गावी येऊन बसले. बसणं त्यांना तीन आठवडे जमलं. चौथ्या आठवड्यात पुतण्याच्या सोयरिकीची बैठक झाली. पाहुण्यांकडचा एक म्हातारा सुपारी कातरता कातरता म्हणाला, "बापू, तुमच्या पणज्याचं नाव काय?" बापाचं नाव आलं, आज्याचं आलं, आणि तिथं गाडी थांबली. हिंगोली ते सेनगाव मधले सगळे थांबे झोपेत सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराण्याचा चौथा थांबा सांगता येईना. म्हातारा काही वाईट बोलला नाही. नुसतं "असू द्या" म्हणाला. त्या "असू द्या"चा राग संतरामना पुढं सात वर्षं पुरला.

गडदे म्हणजे हटकर, मेंढरांमागं फिरणारे. माणूस वाटेत मेला की तिथंच माती द्यायची आणि वर एक दगड उभा करायचा, ही त्यांची जुनी रीत. असे दगड माळामाळानं उभे होते. लिहिता कुणालाच येत नसल्यानं त्यांच्यावर अक्षर नव्हतं. एखादा पाथरवट गाठून चित्र तेवढं काढून घेत. गडी असला तर मेंढा, घोंगडी. बाई असली तर वरच्या अंगाला फणी आणि करंडा. दगड कुणाचा, हे माणसांच्या तोंडी असायचं, आणि तसं तोंड आता गावात एकच उरलं होतं : ज्ञानबा गडदे. वय ऐंशीच्या पुढं, दात चार, शेरडं अकरा.

संतरामनी ज्ञानबाला धरलं. दोनशे पानी वही, पतंगाचा कागद आणि चुलीतला कोळसा घेऊन दोघं शेरडांमागं हिंडू लागले. दगडावर कागद धरायचा, कोळसा आडवा फिरवायचा, की झिजलेला मेंढासुद्धा कागदावर उठून दिसे. ज्ञानबा बाजूला टेकून सांगत जाई, "ह्यो तुझा चुलत आजा. हिरीत पडला. पोहता येत हुतं, पर राग आला म्हनून वर आलाच न्हाई."

"कुणाचा राग?"

"आता ते काय इचारतो! तुला कुणाचा येतो?"

मनकर्णाबाईला या उद्योगाचं कौतुक नव्हतं. "जित्या मानसांशी दोन शब्द बरे बोलत न्हाईत, अन् मेलेल्यांच्या दारोदार चाललेत," असं ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणत असे.

पंचवीस-तीस दगड झाल्यावर एक घोळ उघडा पडला. एकाच दगडाखाली ज्ञानबानं पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन वेगळे पूर्वज सांगितले. एक साप चावून मेलेला, एक नुसताच मेलेला. ज्ञानबाला विचारलं तर तो म्हणाला, दोघंबी खरे. त्या दिवशी संतरामनी ठरवलं, की नोंद झालेल्या दगडावर खूण करायची. डेपोतल्या रंगाऱ्यानं निरोपाच्या वेळी उरलेल्या लाल रंगाचा डबा दिला होता. गाड्यांना लावतात तो. ऊन, पाऊस, प्रवाशांच्या पानाच्या पिचकाऱ्या, सगळं सोसणारा. संतरामनी प्रत्येक दगडाच्या वरच्या भागी, नजरेला पडेल असा, बोटानं एक ठिपका द्यायला सुरुवात केली.

माळावरच्या उभ्या दगडाला कपाळी लाल टिळा लावल्यावर आपल्या मुलखात त्याचं पुढं काय होतं, हे संतराम जन्मापासून पाहत आले होते. पण आपण रंग लावतो आहोत, शेंदूर नव्हे, एवढा फरक लोकांना कळेल अशी त्यांची समजूत होती. एकतीस वर्षं तिकिटं फाडूनही माणसाबद्दल एवढा विश्वास उरतो, हे नवलच.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात लवणाच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, काठी, बाभळीखाली, तो दगड सापडला. बाई उभी, खांद्यावर काठी, पायाशी शेपूट वर केलेलं कुत्रं. वर फणी आणि करंडा, पार झिजलेला. ज्ञानबा नेहमीसारखा टेकला नाही. पायातलं काढून उभा राहिला.

"ही चांगुणा. तुझी पणजी. माझी आजी सांगायची."

पणजा भुजाजी आणि त्याचे दोन भाऊ पटकीच्या साथीत आठ दिवसांत गेले होते. भावकीनं चांगुणाला सांगितलं, मेंढरं आमच्या हवाली कर आणि माहेरी जा. तिनं पोरगं पाठीशी बांधलं, नवऱ्याची काठी खांद्यावर घेतली, आणि दोनशे मेंढरं घेऊन कयाधूच्या काठानं निघून गेली. परत आली तेव्हा पोरगं तिच्या खांद्याला लागलं होतं आणि मेंढरं तीनशे होती. भावकीनं तिला वाळीत टाकलं ते मरेपर्यंत. दगड लेकानं एकट्यानं उभा केला.

संतरामनी वही खाली ठेवली. मग म्हणाले, "शंभर वर्षं झाली अन् आमाला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?" ज्ञानबा म्हणाला.

कोळशानं तिचं चित्र त्यांनी तीन वेळा उतरवलं. मग तिच्या कपाळी ठिपका दिला. तो इतरांपेक्षा मोठा पडला.

त्यानंतर दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मनकर्णाबाई त्या दगडाला पाणी घालू लागली. नवऱ्याच्या सगळ्या उद्योगातली एवढीच गोष्ट तिला पटली होती. मधल्या काळात हिंगोलीचा जिल्हा झाला, संतरामची वही चौसष्ट दगडांवर गेली, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला. २००२च्या पावसाळ्यानंतर दोन्ही डोळ्यांसाठी ते वसमतला लेकीकडं, साधनाकडं, जाऊन राहिले. एका डोळ्याचा मोतीबिंदू लगेच काढला, दुसऱ्यानं पिकायला वेळ घेतला. गावी परतायला पाडवा उजाडला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई तांब्या घेऊन पणजीकडं गेली आणि घटकाभरात भरला तांब्या तसाच घेऊन परत आली.

"काय झालं?"

"वर चढू देईनात. बायांनी शिवायचं न्हाई म्हने."

"कुनाला?"

"मारुतीला."

संतराम तसेच उठले, चपला न घालता. लवणाच्या काठी बाभूळ नव्हती. तिच्या जागी पत्र्याचं छप्पर होतं, खाली सिमेंटचा ओटा, ओट्यावर पणजी. गळ्यात रुईची माळ. पुढं नारळाच्या कवट्यांचा ढीग. आणि बाजूला लोखंडी पाटी : स्वयंभू जागृत मारुती देवस्थान. दृष्टांत : श्री. संतराम गडदे, सेवानिवृत्त वाहक.

पाटी त्यांनी दोनदा वाचली. नवे डोळे चांगले बसले होते. चूक त्यांची नव्हती.

देवस्थानाचा अध्यक्ष होता हरीश. गावातलाच, तिशीतला, ग्रामपंचायतीला दोनदा पडलेला. तो धावतच आला आणि त्यानं आधी पाय धरले.

"बापू, तुमी नसताना काम रखडू दिलं न्हाई. बराबर झालं ना सगळं?"

"हे काय केलं रे भाड्या? ही माझी पणजी हाय."

हरीश हसला. मोठ्या माणसाची गंमत समजल्यासारखा. "बापू, गदा दिसून राहिली खांद्यावर. शेपूट दिसून राहिलं."

"ती काठी हाय! अन् शेपूट कुत्र्याचं हाय!"

"अन् टिळा?"

"तो मी लावला. यष्टीचा रंग हाय तो. डब्बा घरी हाय, दाखवू का?"

जमलेल्यांपैकी एकानं हात जोडले. "लावला न्हाई बापू, तुमच्या हातून लाववून घेतला."

यावर संतराम जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवस्थानच्या ओट्यावरून ते बोलल्यामुळं दोघातिघांनी तेही श्रद्धेनं ऐकून घेतलं.

खरी गोष्ट पुढं होती. बारा-पंधरा दिवसांवर हनुमान जयंती होती. त्या दिवशी सूर्योदयाला मूर्तीला तेलशेंदराचा लेप द्यायचा आणि चांदीचे डोळे बसवायचे, असं ठरलं होतं. लेप एकदा चढला की दरवर्षी चढत जातो. पाच वर्षांत दगडाचा नुसता गोळा होतो. फणी गेली असती, करंडा गेला असता, कुत्रं गेलं असतं. शंभर वर्षं पावसानं जे पुरतं पुसलं नव्हतं, ते गावानं एका सकाळी पुसलं असतं. आणि जी बाई भावकीच्या नाकावर टिच्चून जगली, तिच्या दगडाला तिच्याच घरच्या बायांचा विटाळ धरला जाणार होता.

संतरामनी काय केलं नाही? पारावर बैठक बोलावली. वही उघडून कोळशाचं चित्र दाखवलं. लोकांनी चित्राला हळद वाहिली. तहसीलला अर्ज केला. तिथल्या कारकुनानं पणजीचा मृत्यूचा दाखला मागितला. शेवटचा हुकमी साक्षीदार म्हणून ज्ञानबाला बैठकीत उभं केलं.

"आबा, सांगा. कुनाचा दगड हाय?"

"चांगुणाचा," ज्ञानबा ठाम म्हणाला.

संतरामनी हरीशकडं पाहिलं. तेवढ्यात ज्ञानबानं पुढं जोडलं, "पर आता मारुती बी असंल. कोनाला ठावं."

त्या दिवशी संतराम जेवले नाहीत. ओसरीवर फेऱ्या घालत गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. सात पिढ्या त्यांना आता नावानिशी येत असल्यानं वेळ बराच लागला. मनकर्णाबाई धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमी नुसते भांडून ऱ्हायले."

"मग काय आरती करू?"

"पणजी कुनाची?"

"माझी!"

"अन् माझी कोन? पणजेसासूच ना? पणजेसासूच्या नव्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकलं तर सून काय करती?"

संतराम फेरी घालता घालता थांबले. काही वेळानं पुन्हा चालू लागले, पण शिव्या बंद झाल्या.

हनुमान जयंतीला झुंजूमुंजूलाच माळ माणसांनी भरला. गुरव तेलात शेंदूर कालवून बादली ढवळत होता. ताटात चांदीचे डोळे कोरे करकरीत वर बघत होते. हरीशनं फेटा बांधला होता. संतरामसाठी शाल-नारळ तयार होतं, दृष्टांताबद्दल. ते गर्दीच्या कडेला उभे होते आणि त्यांचा जबडा हलत होता.

तेवढ्यात गडद्यांच्या पाच बाया डोईवर पदर घेऊन आल्या. पुढं मनकर्णाबाई. हातात सूप.

"काकू, खाली! बायांनी वर यायचं न्हाई," हरीश ओरडला.

"आमच्या पणजेसासूच्या दारात आमाला खाली म्हननारा तू कोन रे? तुझं लगीन मी जमवलं, तवा ही काकू ओट्यावर चालत हुती का?"

कुणीतरी हसलं. तेवढ्या अवधीत ती ओट्यावर चढली होती. बाईच्या अंगाला हात लावून कसं अडवायचं, याचा ठराव देवस्थानच्या बैठकीत झाला नव्हता. तिनं पदराच्या टोकानं दगड पुसला, जिथं फणी आणि करंडा होता तिथं, बाई विधवा होती याची पर्वा न करता, हळद-कुंकू लावलं. मग खण उलगडला, त्यावर हिरव्या बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला, आणि गव्हाच्या पाच ओंजळी घालून चांगुणाची ओटी भरली. मागच्या चौघींनी तेच केलं.

शेंदराची बादली ढवळणारा हात थांबला.

"गुरवबुवा, लावा," हरीश म्हणाला.

गुरवानं बादली खाली ठेवली. "ओटी भरली आता. भरल्या ओटीच्या बाईला मारुती करायला माझ्या बापानं शिकवलं न्हाई."

"अहो, ती बाई न्हाई!"

"मग ओटी काढ तूच. लाव हात."

हरीश दोन पावलं पुढं गेला. तेव्हा गर्दीतून त्याची आई, शकुंतलाबाई, बोलली. "हरीश! भरली ओटी कुनी मोडत असतं व्हय? घरात लेकीबाळी हाईत आपल्या." आणि ती स्वतःच पुढं होऊन दगडासमोर वाकली. तिच्या मागून बाया चढल्या. घटकाभरात पणजीच्या पायाशी गव्हाची रास झाली, आणि त्यात कुत्र्याचं निम्मं शेपूट बुडालं.

"बापू, तुमी गावचा देव घालवला," हरीश संतरामजवळ येऊन दात खात म्हणाला.

"देव घालवला न्हाई. बाई ठेवली," संतराम म्हणाले. शाल-नारळ त्यांनी घेतलं नाही. मनकर्णाबाईनं घेतलं, शाल चांगली होती.

लेप टळला तो कायमचा. पण देवस्थानाला देव लागतोच. महिन्याभरात हिंगोलीहून संगमरवरी मारुती आला आणि वीस पावलांवर, पणजीकडं पाठ करून बसला. छप्पर आणि पाटी तिकडं गेली. गावातल्या निम्म्या लग्नांचं आवतण संतरामना येईनासं झालं. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख होतं ते भोंग्याचं. नव्या देवळावर हरीशनं भोंगा बसवला आणि त्याचं तोंड बरोबर चांगुणाच्या दगडावर धरलं. शनिवारी पहाटे जो सुरू होई तो दुपारपर्यंत.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, धोतर खोचून संतराम देवळाच्या खांबावर चढतात आणि भोंगा हरीशच्या घराकडं वळवून खाली उतरतात. आठवडाभरात तो पुन्हा पणजीकडं फिरलेला असतो. मनकर्णाबाई खाली उभी राहून खांब धरते आणि, पडू नये म्हणून, त्यांना सतत शिव्या देत राहते.