नवरात्रातला बिल्ड

घरात साठवून ठेवलेलं काही मला बघवत नाही. आई फुटकी बरणी 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवते आणि मी ती तिच्या डोळ्यांदेखत बाहेर काढते. भरे गावातल्या आमच्या घरी घटस्थापनेआधी जी झाडलोट होते, तिची मुकादम लहानपणापासून मीच. गोधड्या धुवायला, माळ्यावरचे डबे खाली, आणि दारात नको असलेल्या वस्तूंचा ढीग. तो ढीग जितका उंच, तितकी मला त्या रात्री झोप चांगली लागायची. ही सवय चांगली आहे असंच सगळे म्हणत आले आणि मीही तसंच समजत होते.

पिरंगुटच्या एका लहान कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते. प्रिंटर अडला तरी मला हाक, हजेरीचं मशीन कुणाचं बोट ओळखेना झालं तरी मलाच. आधी दोन वर्षं महाळुंग्याच्या पलीकडे एका काचेच्या इमारतीत प्रोग्रॅम लिहीत होते. रोजच्या बसला आणि ट्रॅफिकला कंटाळून घराजवळ आले. आमच्याकडे पाण्याच्या लाइनीला लागणारे व्हॉल्व बनतात. बनलेला प्रत्येक व्हॉल्व टेस्टिंग बेंचवर बसवायचा, त्यात दाबाने पाणी भरायचं, ठरलेल्या आकड्याला थांबायचं आणि कुठून गळत नाही ना ते बघायचं. त्या बेंचवर मामा होते. माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मालकसुद्धा.

एके दिवशी त्यांची टेस्टिंगची वही माझ्याकडे आली, तर एका ओळीवर दुसरी ओळ लिहिलेली. मी वही घेऊन गेले आणि फटकन विचारलं. गोड बोलणं मला जमत नाही. मामांनी आजूबाजूला कानोसा घेतला आणि म्हणाले, "काचबिंदू हाय. बाजूचं समदं गेलंय, मदलं तेवडं धुरकाट दिसतंय. घरी वाटतंय चष्म्याचा नंबर वाडला."

"आणि दाबाच्या घड्याळातला काटा?"

"अदमासानं." मग म्हणाले, "बावीस वर्सं ह्या बेंचावर काडली. दोन ऱ्हायली. डोळ्यापायी मला हितनं कुनी उठवू नये, एवडंच हाय बघ."

मी कुणाला बोलले नाही. त्याऐवजी बेंचच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. दाब मोजणारं एक छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. दाब वाढला की स्पीकरमधला सूर चढायचा, ठरलेल्या आकड्याला पोचला की दोनदा टण टण व्हायचं आणि व्हॉल्व गळत असला की सूर हळूहळू उतरायचा. मालकांना वाटलं मी काहीतरी आधुनिक केलंय. त्यांनी पाहुण्यांना आणून दाखवलं. मामा त्या सुरावर आठवड्याभरात असे तयार झाले, की पडद्यावरचा आकडा खाली आलेला मला दिसायच्या आधी गळती त्यांच्या कानांना कळायची. काचेच्या इमारतीत मी लिहिलेलं काय झालं मला ठाऊक नाही, पण हा प्रोग्रॅम रोज माझ्यासमोर एका माणसाच्या उपयोगी पडत होता आणि मला त्याचा अभिमान होता.

यंदा मालकांनी ठरवलं, बेंचला नवा कॉम्प्युटर घ्यायचा आणि खंडेनवमीच्या पूजेला मुहूर्त करायचा. नवरात्राच्या आधी कारखान्यातही झाडलोट निघाली. तेलकट चिंध्या, तुटकी कपाटं, गंजलेले पाने बाहेर गेले. त्याच भरात मी जुना कॉम्प्युटर साफ केला. मी लिहिलेला प्रोग्रॅम तेवढा पेनड्राइव्हवर घेतला. त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्या लोकांनी लिहून ठेवलेले आणि मी उसने वापरलेले तुकडे, घेतले नाहीत. ते इंटरनेटवर असतातच, हवे तेव्हा उतरवून घेता येतात. डिस्क कोरी केली, डबा पुसला आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत स्वतः नेऊन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घटस्थापनेच्या दिवशी नव्या कॉम्प्युटरवर बिल्डची आज्ञा दिली. बिल्ड म्हणजे माझा प्रोग्रॅम आणि ते उसने तुकडे जुळवून चालणारी वस्तू तयार करणं. पाच मिनिटांचं काम होतं. पडदा तांबड्या ओळींनी भरला आणि शेवटी एकच वाक्य उरलं, बिल्ड फेल.

असं होणं मला नवीन नव्हतं. जे हवं म्हणतो ते घालायचं आणि पुन्हा आज्ञा द्यायची. पण इथे एकाचं समाधान केलं की दुसरा अडून बसायचा. दाब वाचणाऱ्या लायब्ररीला तिच्या हाताखालची एक लायब्ररी जुनीच हवी होती. आवाजाच्या लायब्ररीला तीच हाताखालची नवी हवी होती. लग्नाच्या पंगतीत अमका बसला तर मी बसणार नाही म्हणणारे दोन पाहुणे असतात, तसं. पूर्वी मी आवाजाची एक जुनी लायब्ररी वापरून दोघांना शेजारी बसवलं होतं. ती कुणा एका माणसाने आपल्या पानावर ठेवलेली होती. पान उघडलं तर तिथे आता काहीच नव्हतं. त्या लायब्ररीची माझ्या माहितीतली एकुलती प्रत मी भंगारात घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना सांगायला गेटवर गेले. ते नवरात्रात अनवाणी असत. घरापासून गेटपर्यंत पायांत काही नाही आणि गेटवर नियम म्हणून सेफ्टी शूज चढवायचे. तेच चढवत बसले होते. "व्हईल की," म्हणाले. "नवमीपत्तुर दिस हायेत."

तोवर व्हॉल्व थांबणार नव्हते. मग मी वही घेऊन बेंचपाशी उभी राहू लागले, नोंदी घेते असं दाखवून. काटा वाचायचा आणि हळू आवाजात आकडा सांगायचा. सहा, साडेसहा, सात, थांबा. लोकांना वाटलं मामा मला काम शिकवतायत. मधल्या सुट्टीत त्यांचा उपास, त्यामुळे ते बेंचपाशीच बसायचे आणि मी एका हातात पोळीची गुंडाळी धरून तांबड्या ओळी वाचत बसायचे. हे व्हर्जन घाल, ते काढ, पुन्हा बिल्ड, पुन्हा फेल. तिसऱ्या माळेला मी कीबोर्डवर हात आपटला. चौथ्या माळेला आईवर विनाकारण ओरडले.

पाचव्या माळेला मामांनी विचारलं, "यवडं काय वाचतीयास?"

"काय चुकलंय ते सांगतोय तो. शेवटची ओळ वाचतेय."

"शेवटची कशापायी? पानी खाली टपाकतंय, पर गळती वर आसती. पयल्या जोडापासनं बघत ये."

बरोबर होतं. घाईत मी तळाची बोंबच वाचत होते. वर सरकत गेले आणि सगळ्यात पहिली तक्रार गाठली, तेव्हा दिसलं की दाब वाचणाऱ्या लायब्ररीचा हट्ट नुसता कागदावरचा होता. तिच्या यादीत एक जुना आकडा लिहून ठेवलेला. प्रत्यक्षात ती नव्याबरोबरही चालत होती. मी तो आकडा बदलला. मग आवाजासाठी नवी लायब्ररी घातली, तिच्यासाठी माझ्या प्रोग्रॅमचा अर्धा भाग पुन्हा लिहिला आणि आठव्या माळेच्या दुपारी पडद्यावर एकही तांबडी ओळ उरली नाही. स्पीकरमधून सूर निघाला. मी खुर्चीतच रडले. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं त्यात, आठ दिवस मी त्या माणसाची उरलेली नोकरी हातात धरून बसले होते.

खंडेनवमीच्या सकाळी पूजेआधी मामांनी कमी दाबावर एक व्हॉल्व लावून बघितला. हात चाकावर, मान जरा तिरकी. पुन्हा एकदा बघितला. मग मला म्हणाले, "आवाज मागं ऱ्हातोय गं."

"म्हणजे?"

"माजा हात फुडं जातोय आनि त्यो मागनं येतोय. जरासाच, पर येतोय मागनं."

मी पडद्यावर पाहिलं. आकडा बरोबर होता, सूर बरोबर होता, तांबडी ओळ एकही नव्हती. मला आणखी काही सापडायला नको होतं. मी म्हणाले, "नवा स्पीकर आहे मामा, म्हणून तसं वाटतंय. होईल सवय."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी त्यांना किती दिसत होते कोण जाणे. "तू म्हन्तीस तर आसंल," म्हणाले.

पूजा झाली. लेथवर, ड्रिलवर, पान्यांवर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ नव्या कॉम्प्युटरलाही घातली. मालकांनी नारळ फोडला. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. मालक म्हणाले, "मामा, मुहूर्ताचा पहिला व्हॉल्व तुमच्या हातून." सगळे बेंचभोवती गोळा झाले.

मामांनी चाक फिरवायला सुरुवात केली. सूर चढत गेला. मी काट्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. काटा ठरलेल्या आकड्यावर आला आणि सूर अजून खालीच होता. मामा टण टण होण्याची वाट बघत चाक फिरवत राहिले. काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला. मी तोंड उघडेपर्यंत सील फाटलं आणि पाण्याचा फवारा समोरच्या चार माणसांच्या तोंडावर बसला. कुणाला लागलं नाही. पूजेची रांगोळी वाहून गेली आणि फुलं सगळ्या फरशीभर झाली.

मालक चिडके नाहीत. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, "मामा, काटा तुमच्या समोर होता. इतका पुढे जाईपर्यंत थांबला का नाहीत?"

मामांना सांगता आलं असतं. सकाळीच हिला सांगितलं होतं, आवाज मागे राहतोय, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मलाही सांगता आलं असतं. मी सांगितलं तर मालक विचारतील की मामांना आवाज कशाला लागतो, आणि मग सगळं उघड होईल, असं मी त्या क्षणी स्वतःला समजावलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की सगळ्यांसमोर माझी चूक निघायला मला नको होती. ताट घट्ट धरून मी उभी राहिले.

"काटा दिसत न्हाई मला," मामा म्हणाले. "दोन वर्सं झाली."

मालकांनी त्यांना ऑफिसात नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. दाबाच्या कामावर न दिसणारा माणूस ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. गेटवर बसा म्हणाले. मामांनी नको म्हटलं, गेटवरही गाड्यांचे नंबर लिहावे लागतात. दुपारी त्यांनी सेफ्टी शूज कपाटात ठेवले आणि अनवाणीच गेले. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला मी कुणाच्याच घरी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मला कारण सापडलं. नवी लायब्ररी आवाज लगेच सोडत नाही. थोडा साठवते आणि मग सोडते, गाणी ऐकणाऱ्याला तो मध्ये तुटू नये म्हणून. किती साठवायचा त्याचा एक आकडा असतो. तो कमी केला आणि सूर काट्याबरोबर चालू लागला. दहा मिनिटं लागली असतील. खंडेनवमीच्या सकाळी मामा म्हणाले तेव्हाच मी बसले असते तर पूजेआधी झालं असतं.

दिवाळीआधीच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. ओसरीत बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते, बोटांनी चाचपून. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगितलं, "मामा, आवाज मागेच राहत होता. तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती."

"मला ठावं हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यांनी शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "आवाज मागं व्हता ते बी खरं आनि मला दिसत न्हाई ते बी खरं," म्हणाले. "मी माजं सांगितलं."

मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बेंचवर आता दुसरा माणूस आहे. त्याला काटा नीट दिसतो. आवाजाने डोकं उठतं म्हणून त्याने पहिल्याच दिवशी स्पीकर बंद करून टाकला. मालक अजूनही कधीतरी म्हणतात, "मामांनी आधीच सांगायला हवं होतं बघ." मी मान हलवते. माझं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.