फिल्टरचे दोन स्टॉप

स्लाइड फिल्म ही जात मोठी आखडू. साध्या निगेटिव्हवर उजेडाचा अंदाज थोडा चुकला तरी प्रिंट काढताना सावरून घेता येतं. स्लाइडवर चुकलं की चुकलं. मुलं म्हणतात, मोबाइलवर काढा. मी नाही काढत. हट्टी आहे मी.

गेल्या वर्षी बायको गेली. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. यंदा पळस फुलला तेव्हा उरलेला एकुलता रोल भरला आणि पांढरकवड्याहून एकटाच झरी जामणीच्या रस्त्याला लागलो. तिच्याशिवाय मला एक तरी धड फोटो काढता येतो का, एवढंच पाहायचं होतं.

आमची रीत ठरलेली. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात उजेड मोजायची सोय नाही. मी कॅमेरा धरायचा, तिनं हातातलं मीटर उन्हात धरून ॲपर्चरचा आकडा सांगायचा; आकडा लहान तेवढं भिंगाचं तोंड मोठं, उजेड जास्त. ५.६ ला ती साडेपाच म्हणे. मी रेंगाळलो की वरून, "काहून थांबले? लावा न साडेपाच, ढग येऊन राह्यला!"

वाटेतल्या नेहमीच्या टपरीवर चहावालीनं विचारलं, "ताई नाही आल्या काय आज?"

"घरी आहे," मी म्हणालो. चहा संपवून निघालो.

पळसापाशी मीटर मीच धरलं. अकरा दाखवत होतं, अकरा लावला. आभाळ गडद निळं यावं म्हणून नेहमीसारखा पोलरायझर फिल्टर चढवला. शेवटच्या पाच फोटोंना तो काढून ठेवला, दर वेळी फिरवून फिरवून हात दुखले म्हणून.

मुंबईहून रोल धुऊन आला. स्लाइड खिडकीशी धरल्या तर काळ्याकुट्ट. फुलं काजळीत बुडवल्यासारखी. लॅबवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, शेवटच्या पाच मस्त आल्यात. धुण्यात चूक असती तर त्याही गेल्या असत्या. आधीच्यांना फिल्टर होता का? मग त्याचे दोन स्टॉप, म्हणजे उजेडाची दोन घरं, वाढवायचे राहिले तुमचे."

फोन ठेवला. फिल्टर उजेड खातो हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ते दोन स्टॉप मी आयुष्यात कधी वाढवलेच नव्हते. मीटरवर अकरा वाचून, माझ्या भिंगावरचा फिल्टर बघून, हिशेब मनात करून ती मला दोन स्टॉप खालचा साडेपाच सांगत आली. तीस वर्षं. मला वाटायचं, मीटरच तसं दाखवतं.

घरी पाहुण्यांना स्लाइड दाखवायचो तेव्हा कुणी विचारी, वहिनी पण फोटो काढतात का? मी हसून म्हणायचो, "छे, ती नुसता आकडा वाचते." ती तिथंच प्रोजेक्टरपाशी बसलेली असे. ऐकायची, आणि पुढची स्लाइड सरकवायची.