किळस मोजायची खोली

तिला घरात सगळे नाकी म्हणत. नाव ठेवलं थोरल्या भावाने. "ही आमच्या नाकी नऊ आणते, म्हणून ही नाकी," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी तिला चालत नसे. खुर्चीवर ओला टॉवेल दिसला की तिचं डोकं फिरायचं. भाऊ मुद्दाम तिच्या उशीवर आपले मोजे ठेवायचा आणि मग ती घर डोक्यावर घ्यायची.

आई दातांच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर देण्याचं काम करायची. मुलीने तिथेच मदतनीस म्हणून शिकावं अशी तिची फार इच्छा होती.

"दुसऱ्याच्या तोंडात बोटं? शी!" नाकी म्हणाली.

"अगं, माणसांत राहायचंय ना तुला? माणसाला वास असतोच."

"मनाला नसतो," असं म्हणून नाकीने मानसशास्त्राला नाव घातलं.

दुसऱ्या वर्षी तिचे गुण पाहून मानसशास्त्राच्या सरांनी तिला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. ही गोष्ट साधी नव्हती. सरांच्या हाताखाली काम केलेल्या मुलाला पुढच्या शिक्षणाची दारं आपोआप उघडतात, हे कॉलेजातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. नाकीचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत ती नवे बूट घालून गेली आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की इथे अभ्यास चालतो तो किळस या भावनेचा.

घरी हे कळलं तेव्हा भाऊ हसता हसता जमिनीवर आडवा झाला.

प्रयोग असा होता. एका खोलीत साधी हवा. शेजारच्या खोलीत टेबलाखाली चिकटवलेला कापसाचा बोळा आणि त्यावर एका तपकिरी बाटलीतले थेंब. त्या थेंबांना कुणाच्या तरी पोटातून उलटून आलेल्या, आंबलेल्या दुधासारखा वास होता. दोन्ही खोल्यांत मुलांना बसवायचं, अनोळखी माणसांच्या चुकांच्या हकिकती वाचायला द्यायच्या आणि विचारायचं, याला काय शिक्षा द्याल? घाणीत बसलेला माणूस जास्त कठोर होतो, असं सरांचं म्हणणं होतं आणि ते त्यांना सिद्ध करायचं होतं.

बोळा भिजवायचं काम नाकीचं. त्याहून अवघड काम म्हणजे मुलांसमोर बसून चेहरा कोरा ठेवायचा. तिचं नाक जरा जरी आक्रसलं तरी समोरच्याला सुगावा लागणार आणि प्रयोग वाया जाणार. सरांकडे संशोधन करणाऱ्या ताईने तिला तालीम दिली. जीभ टाळूला लावायची, भुवया सैल सोडायच्या, श्वास तोंडाने घ्यायचा पण ओठ विलगू द्यायचे नाहीत. पहिले काही दिवस नाकी मध्येच उठून स्वच्छतागृहाकडे धावायची. तो वास केसांत बसे, नखांत बसे. घरी आई तिला दारातच थांबवून थेट न्हाणीघरात पाठवायची. ताटावर बसलं की घास तोंडात फिरत राहायचा. पण हट्टाने ती शिकली. हळूहळू तिचा चेहरा इतका कोरा झाला, की ताई म्हणाली, "तू आता माझ्याही पुढे गेलीस."

एवढं करून आकडे काही सरांच्या मनासारखे येईनात. घाणीतली मुलं आणि स्वच्छ हवेतली मुलं, दोघांचीही शिक्षा सारखीच. उलट काही जण वासाने बेजार होऊन लवकर सुटका व्हावी म्हणून सगळ्यांना माफच करून टाकत.

"वास टेबलाखाली आहे, म्हणून असं होतंय," सर एके दिवशी म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "वास माणसाला असायला हवा. माणसाला आला की बघा."

ते माणूस त्यांनी कॉलेजच्या कँटीनमधून आणलं. भांडी घासणाऱ्या मावशी. ओट्यावरची वाफ आणि जुनाट सर्दी यांनी मावशींच्या नाकातून वास कधीच हद्दपार केला होता. दूध नासलं की नाही हे त्या गिऱ्हाइकालाच विचारत, "बघ रे बाबा, मला मेलीला काही कळत नाही," आणि सगळे हसत. सरही तिथेच चहा प्यायचे. त्यांनी ते ऐकून ठेवलं होतं.

मावशींना सांगितलं की मुलांसमोर बसून रंगीत पत्त्यांची जुळणी करायची आहे. त्यासाठी त्यांना एक नवाकोरा निळा ॲप्रन दिला. नाकी नेहमीप्रमाणे कोऱ्या चेहऱ्याने कोपऱ्यात बसली. मावशी आत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि तो ओळखीचा वास नाकीच्या नाकात शिरला. ॲप्रनच्या अस्तरात बोळा होता. ताईने आदल्या दिवशी तो नीट शिवून टाकला होता.

मुलं येत गेली. समोरची बाई कशी वाटली, ते प्रत्येकाने जाताना कागदावर भरून द्यायचं होतं. एकाने खुर्ची मागे ओढली. एका मुलीने ओढणी नाकाला लावली. एक जण मावशींनी पुढे केलेला पत्ता घ्यायलाच तयार होईना, त्याने तो पेन्सिलीच्या टोकाने आपल्याकडे सरकवला. मावशी प्रत्येकाकडे बघून हसत होत्या. आपल्याला कॉलेजच्या अभ्यासात बसवलं याचं त्यांना केवढं अप्रूप! आणि नाकी जीभ टाळूला लावून बसून राहिली.

त्या दिवसाचे आकडे बघून सरांनी टेबलावर थाप मारली. "सुंदर! काय सुंदर आकडे आहेत!" मुलांनी मावशींना अप्रामाणिक, आळशी, भरवसा न ठेवण्याजोग्या ठरवलं होतं. कागदावर एका गरीब बाईची इतकी छान बदनामी झाली होती, की सरांनी सगळ्यांना चहा पाजला. नाकीने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. पोटातून काहीतरी वर चढून आलं, पण बाटली तर कपाटात बंद होती.

"सर, मावशींना आणि मुलांना खरं काय ते सांगायचं ना?"

"सगळ्या तुकड्या झाल्यावर. आत्ता बातमी फुटली तर काय उरेल?"

"पण तो ॲप्रन त्या घेऊन गेल्या."

"जाऊ दे. नवा आहे. खूश होईल बाई."

बाई खूश होतीच. बोळा काढला होता, पण वास अस्तरात मुरलेला. मावशी तोच ॲप्रन घालून कँटीनच्या ओट्यावर उभ्या राहू लागल्या. आठवडाभरात मुलं ताटं उलटी करून हुंगायला लागली. कुणी म्हणालं, ही अंघोळ करत नाही. कुणी म्हणालं, हिला काहीतरी रोग आहे. दूध विचारायला आल्या तर लोक उठून दुसऱ्या टेबलावर जात. कँटीनच्या मालकाने त्यांना मागच्या दाराने ये-जा करायला सांगितलं. मावशी आपला हात, आपली बाही नाकाशी नेऊन बघत राहायच्या. काय कळणार त्यांना?

नाकीने ते पाहिलं आणि ती तशीच तळघरात गेली. कपाटातली बाटली घेतली. दुपारच्या गर्दीत कँटीनच्या मधोमध उभं राहून तिने बूच काढलं आणि अर्धी बाटली स्वतःच्या दोन्ही बाह्यांवर ओतली. एकच हलकल्लोळ उडाला. खुर्च्या पडल्या, एकाला तिथेच उलटी झाली.

"हाच वास ना मावशींचा?" ती ओरडली. "नीट हुंगा! हा सरांच्या कपाटातला आहे! ह्यांच्या ॲप्रनमध्ये आम्ही शिवला होता!"

मावशींनी ॲप्रन काढून जमिनीवर टाकला. नाकीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "तू तिथे बसली होतीस," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या. पुढे त्यांना एका वसतिगृहात काम मिळालं असं कुणीतरी सांगितलं. नाकी भेटायला गेली, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

सरांना समज देण्यात आली, म्हणजे एका बैठकीत त्यांनी मान हलवली. मावशींवरचे आकडे त्यांना टाकून द्यावे लागले, म्हणून ते वर्षभर हळहळले. ताई त्यांच्याकडेच राहिली आणि यथावकाश प्राध्यापक झाली. प्रयोगशाळेत आकडेमोड करणारा एक हुशार मुलगा होता, तो अंगाला लावायच्या सुगंधी फवाऱ्याच्या कंपनीत लागला. लोकांना स्वतःच्याच काखेची लाज कशी वाटायला लावायची, याच्या जाहिराती तो ठरवतो. तळघरात जे शिकला त्याचं सोनं केलं म्हणायचं!

नाकीला शिफारस मिळाली नाही. पुढच्या शिक्षणाची दारं तिच्या तोंडावर एकेक करून बंद झाली. संशोधन या शब्दाचाच तिला उबग आला होता, त्यामुळे तिने फार ठोठावलीही नाहीत. काही महिने ती घरी बसून होती. मग आईच्या ओळखीने एका इस्पितळात समुपदेशकाच्या मदतनिसाची जागा निघाली. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन ज्यांच्या पोटाला मळाची पिशवी लावलेली असते, त्या रुग्णांशी बोलण्याचं काम. ऐकूनच भावाने कानाला हात लावला. "आमची नाकी? तिथे?"

मुलाखत वगैरे झालीच नाही. मोठ्या सिस्टर तिला सरळ एका खाटेपाशी घेऊन गेल्या आणि त्यांनी पिशवी बदलायला घेतली. बदलताना त्या पोटाकडे बघत नव्हत्या, नाकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हात धुताना म्हणाल्या, "सोमवारपासून ये. हे कुठे शिकलीस?"

"कॉलेजात," नाकी म्हणाली आणि तिला त्या शब्दाचीच शिसारी आली.

त्या वासाची सवय होते असं लोक म्हणतात. तिला झाली नाही. आजही घरी गेल्यावर ती कपडे बादलीत टाकूनच आत पाऊल ठेवते. पण वर्षभरात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. कोऱ्या चेहऱ्याने रुग्ण फसत नाहीत. त्यांना स्वतःचाच वास येत असतो.

गाडी चालवायला शिकवणारे एक काका होते. ते बायकोलाही पडद्याच्या आत येऊ देत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एका सकाळी त्यांची पिशवी सुटली, चादर भरली. नाकी धावत गेली.

"तुम्हाला घाण वाटत नाही?" त्यांनी रागाने विचारलं.

तिची जीभ सवयीने टाळूला लागली होती. तिने ती सोडली. नाक आक्रसलं, तोंड वाकडं झालं.

"वाटते ना! भयंकर घाण आहे. मला तर आता उलटी होईल असं वाटतंय. जरा त्या कुशीवर व्हा, चादर काढते."

काका टाके दुखेपर्यंत हसले. "इतक्या दिवसांत पहिल्याच खरं बोलणाऱ्या भेटलात," ते म्हणाले. पडद्याबाहेर बायको हे ऐकत होती. ती न विचारता आत आली, तिने नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने चादरीचं टोक धरलं.

काका पिशवी स्वतः बदलायला शिकले. घरी जाताना त्यांना एकच धास्ती होती, बंद गाडीत शिकाऊ मुलांशेजारी बसायचं कसं. काही आठवड्यांनी त्यांचा इस्पितळात फोन आला.

"अहो मॅडम, आज एकीने गाडी सरळ भाजीच्या हातगाडीवर घातली! वासाचा विचार करायला फुरसत कुणाला?"

मागून बायको त्यांना जेवायला बोलावत होती.