पाटीच्या खाणीतलं रामनाम

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या पार्किंगची वेळ वाढवायला खाली गेलो. वर आलो तेव्हा माझी बायको गेली होती.

मशीन कार्ड घेत नव्हतं. माझ्यापुढच्या गृहस्थांचंही घेत नव्हतं, म्हणून आम्ही दोघं पलीकडच्या मशीनकडे गेलो. सगळं मिळून पंधरा मिनिटं गेली असतील. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते की अजून दोन-तीन दिवस तरी आहेत, त्यामुळे मला घाई नव्हती. परतताना मी जिनाही सावकाश चढलो.

हिने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. रामनामाचा जप हा तिचा ठेवा होता. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या घरात ती सकाळी देवापुढे बसायची आणि मी शेजारच्या खोलीत वाचत बसायचो. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकता ऐकता कधीतरी मीही मनात नाव घेऊ लागलो. निवृत्त झाल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसू लागलो, एवढीच माझी साधना. आजार वाढल्यावर एकदा ती म्हणाली, "अहो, एवढं करा. शेवटी माझ्या कानाशी नाव घ्या. मला तेव्हा घेता येणार नाही." मी हो म्हणालो. "पुस्तकात डोकं घालून बसला असाल तरीही," असं म्हणून ती हसली. मी विसरलो नव्हतो. फक्त त्या वेळी मी तिथे नव्हतो.

त्यानंतर माझ्या तोंडून नाव निघेना. देवापुढे दिवा लावायचो, हात जोडायचो, आणि ओठ उघडले की ते मशीन आठवायचं. ज्या एका वेळी ते म्हणायचं होतं तेव्हा म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडाने म्हणायचं, असं वाटायचं. ती एकटी गेली, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. रेवा, आमची मुलगी, मँचेस्टरला फार्मसिस्ट आहे. तिने दोन-तीनदा त्या दिवसाचा विषय काढला तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं की त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोलायचं नाही. त्यानंतर ती बोलली नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, लायब्ररीतून पुस्तकं आणून न वाचता परत करत होतो. दुःखाचा भर ओसरला की माणूस रिकामा होतो असं मी समजत होतो. तसं होत नाही. माणूस थकतो. सकाळी उठतानाच थकलेला असतो.

सप्टेंबरात रेवाचा फोन आला. "बाबा, मी वेल्सची ट्रिप बुक केला आहे. डोंगरात जुनी माइन आहे, खाली उतरून बघता येते. तू नुसता घरात बसतोस. घेऊन ये तुझा पुस्तक, मी ड्राइव्ह करते." तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेल्या मुलांचं. ते ऐकलं की तिची आई सुधारायची. मी कधी सुधारत नाही. नाही म्हणण्याचंही बळ नव्हतं, म्हणून गेलो.

ते गाव उत्तर वेल्सच्या डोंगरात आहे. नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. लहानपणी आपण ज्यावर मुळाक्षरं गिरवली त्या पाटीचा दगड तिथल्या डोंगराच्या पोटातून निघायचा आणि त्याच्या लाद्या दूरदूरच्या शहरांच्या छपरांवर जायच्या. आता धंदा जवळजवळ संपला आहे. गावाच्या चारही बाजूंना फोडलेल्या दगडांचे ढीग आहेत, डोंगराएवढेच उंच, आणि त्यांच्या पायथ्याशी एकसारख्या घरांच्या रांगा. बारीक पाऊस पडत होता. सगळं एकाच रंगाचं होतं, घरं, रस्ता, आभाळ. माझ्या मनाला ते बरं वाटलं. तिथे कुणी आनंदी दिसण्याची अपेक्षा करत नव्हतं.

आम्हाला हेल्मेट दिली गेली आणि तिरक्या रुळांवरून तारेने सोडली जाणारी छोटी गाडी आम्हाला खाली घेऊन गेली. आम्ही बारा-तेरा जण असू. माझ्या शेजारी ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, टाय लावून आलेले. हेल्मेटचा पट्टा त्यांना लागेना, तो मी लावून दिला. त्यांनी आपलं नाव एमरिस सांगितलं. त्यांचे वडील याच खाणीत होते, पण ते स्वतः कधी खाली उतरले नव्हते. "आईने शपथ घातली होती," ते म्हणाले. "आता ती नाही, म्हणून धीर केला. बायको वर कॅफेत बसली आहे. तिच्या गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत, आणि माझ्या छातीला चालतात असं तिला वाटत नाही."

पायऱ्या खरंच पुष्कळ होत्या. एका दालनातून दुसऱ्यात, ओल्या दगडाला हात लावत आम्ही उतरत गेलो. शेवटच्या दालनाचं छत दिव्याच्या उजेडातही दिसत नव्हतं. गाइड म्हणाला की खाणकामगार मेणबत्तीवर काम करायचे, मांडीला साखळी गुंडाळून कड्याला लटकून. मेणबत्ती विझली तर कामगाराने जागचं हलायचं नाही, अशी शिस्त होती. अंधारात एक पाऊल चुकलं की खाली दरी. त्याने नुसता आवाज द्यायचा आणि थांबायचं. जवळच्या दालनातला कुणीतरी आपली मेणबत्ती घेऊन यायचा. कोण येईल ते ठरलेलं नसायचं. मग गाइडने आम्हाला सावध करून सगळे दिवे घालवले.

असा अंधार मी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नव्हतं. सुरुवातीला कुणीतरी हसलं, मग सगळे गप्प झाले. तेवढ्यात माझी बाही कुणीतरी घट्ट धरली. एमरिस होते. त्यांचा श्वास तुटक येत होता, पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखा. मी त्यांचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत काहीतरी सांगायला तोंड उघडलं. इंग्रजी आलं नाही. नाव आलं. मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं, आठवलंही नव्हतं. हलक्या आवाजात, त्यांच्या कानाशी, एकामागून एक ते येत राहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. एक मिनिटही झालं नसेल. दिवे लागले तेव्हा एमरिस भिंतीला टेकून खाली बसले होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता.

गाइडने खाणीतल्या फोनवरून वर कळवलं. मदत येईपर्यंत आम्ही दोघं तिथल्या लाकडी बाकावर बसलो. रेवाने त्यांची नाडी पाहिली आणि पाणी दिलं. बाकीचे जरा लांब थांबले होते. एमरिसच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

"मी घाबरलो होतो, हे वर बायकोला सांगू नका," ते म्हणाले. "नाहीतर ख्रिसमसपर्यंत ऐकावं लागेल." मग थोड्या वेळाने, "तुम्ही काय म्हणत होता?"

"देवाचं नाव. आमच्या भाषेतलं."

"हं." त्यांनी मान हलवली. "चॅपलमधल्या प्रार्थनेतलं लहानपणी मला अर्धं कळायचं नाही. तरी बरं वाटायचं. तसंच वाटलं."

त्यांना वर आणलं तेव्हा त्यांची पत्नी दारातच उभी होती, हातात कॅफेचा नॅपकिन तसाच. पॅरामेडिक त्यांना तपासत असताना ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती. "मी केक खात बसले होते. हा खाली असा, आणि मी इथे केक खात बसले होते. मी तिथे असायला हवं होतं." मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. ते वाक्य मी सहा महिने रोज म्हणत आलो होतो, फक्त तिच्या वाक्यात केक होता.

एमरिसनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "तू कशाला हवी होतीस?" ते म्हणाले. "होतं की कुणीतरी. आणि मास्क लावायला आता तू आहेसच, तर लाव."

ती रडता रडता हसली आणि मास्क लावला. मला बाहेर जाऊन बसावं लागलं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गाव मागे पडायच्या आत मीच म्हणालो, "रेवा, त्या दिवशी आईजवळ कुणी होतं का?"

तिने गाडी रस्त्याकडेच्या जागेत घेतली आणि इंजिन बंद केलं. "मी तुला सांगणार होते, बाबा. तू म्हणालास बोलू नको."

"आता सांग."

ती इंग्रजी आणि मराठी मिसळून सांगू लागली. कागदांवर सह्या करताना नर्सने तिला सांगितलं होतं. वॉर्डात चहाची ट्रॉली फिरवणारी एक पंजाबी बाई होती. ती कप न्यायला खोलीत आली, आणि आई जात आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने बेल वाजवली. नर्स पोचेपर्यंत ती पलंगावर वाकून आईचा हात धरून होती आणि तिच्या कानाशी वाहेगुरू, वाहेगुरू म्हणत होती. नर्स आली तरी ती थांबली नाही, आणि नर्सनेही तिला थांबवलं नाही. "नर्स म्हणाली, शी वॉजन्ट अलोन. नॉट फॉर अ मिनिट." रेवा रडत होती. "मला वाटला तुला राग येईल. आपला देवाचं नाव नव्हतं म्हणून."

राग कसला येणार. काचेवर पाऊस होता आणि पलीकडे त्या दगडांचे ढीग. मला बरं वाटलं, असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. मला फार थकल्यासारखं वाटलं, पण निराळं. खूप लांबून धरून आणलेली वस्तू खाली ठेवल्यावर हात जसे दुखतात, तसं.

याला चमत्कार म्हणावं असं मी कुणाला सांगणार नाही. हॉस्पिटलात चहावाली बाई असतेच आणि स्लाऊमध्ये ती पंजाबी असणं यात नवल काही नाही. खाणीत म्हातारा माणूस घाबरतो, त्यातही नवल नाही. पण मी पाळू न शकलेला शब्द एका अनोळखी बाईने माझ्यासाठी पाळला होता, आणि ते मला कळावं म्हणून एका अनोळखी माणसाच्या कानाशी तेच काम माझ्याकडून करवून घेतलं गेलं, असं मला आतून वाटतं. एवढे महिने मी ज्याला दुःख समजत होतो त्यात अहंकारही होता. तिचा हात धरायला जगात फक्त मीच आहे, मी नसेन तर तिथे कुणीच नसेल, असा. ती जन्मभर ज्याचं नाव घेत होती त्याच्यावर तिला तेवढा भरवसा होता. मला नव्हता. देव पार्किंगच्या मशीनपाशी अडकत नाही, एवढं साधं मला समजायला डोंगराच्या पोटात उतरावं लागलं.

ऑक्टोबरात मी त्या वॉर्डात गेलो. त्या बाईने काम सोडलं होतं. नर्सही बदलल्या होत्या, आणि तिचं नाव सांगता येणारं कुणी नव्हतं. मी वॉर्डासाठी मिठाईचा डबा ठेवून आलो.

रोज सकाळी मी जपाला बसतो. हिची जागा मोकळी ठेवतो. नाव येतं. काही दिवस लगेच येतं, काही दिवस वेळ लागतो, तोवर मी गप्प बसून राहतो. मग उठून चहा करतो, एकट्याचा.