बाबांचं विमान कोणी उडवलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: बाबांचं विमान मी उडवलं नव्हतं.

मी विमानतळाच्या टॉवरमध्ये कामाला आहे. वैमानिकांशी रेडिओवर बोलतो. आम्ही सूचना द्यायची, वैमानिकानं ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि त्यात चूक नाही ना, हे आम्ही कान देऊन ऐकायचं. ही सवय घरातही शिरली आहे. बायकोनं दूध सांगितलं की मी म्हणतो, "दूध, एक पिशवी." ती म्हणते, "बरोबर. आता निघा, जिना मोकळा आहे."

बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार होते, बहिणीकडे हैदराबादला जायला. स्मृती नगरातल्या आमच्या गल्लीत त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं, "माहा पोट्टा उडवन मले." मी ड्यूटीही तशी मागून घेतली.

विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलं आणि मी माइकच्या बटणावरचं बोट काढून घेतलं. रोज इतकी विमानं सोडतो, पण त्यातल्या एका खिडकीशी बाबा, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून! शेजारच्या ज्युनिअर मॅडमना म्हटलं, "जरा तुम्ही बसा." रीतसर सगळं त्यांच्या हवाली केलं. "क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ" त्या म्हणाल्या. वैमानिकानं ते परत म्हटलं. बाबा उडाले, तेव्हा मी पाठमोरा पाणी पीत होतो.

बाबा परतले आणि त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

"मले सोडताना आवाज नाही कापला रे तुहा?"

"नाही."

"मले मालूम होतं. मी त डोळे मिटून आरामात बसलो. तू होता न खाली."

पेढ्यांचा एक डबा मी टॉवरवर नेला. मॅडमनी दोन पेढे उचलले. "सर, बाबूजी को उड़ाया मैंने, और मिठाई आपके नाम की." कुणाला बोलल्या मात्र नाहीत.

बाबांनी जन्मभर स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. खालून हातानं इशारा देणारा माणूस ओळखीचा नसला तर ते ओझं उचलायचेच नाहीत. साहेब ओरडला तरी नाही.

आता बहिणीनं त्यांना पुन्हा बोलावलं आहे. ते म्हणतात, "तुही ड्यूटी असन तरच टिकट काढ."

मी तिकीट काढलेलं नाही. त्याआधी त्यांच्यासमोर बसून, त्या दिवशी खाली मी नव्हतो, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.